मुरुमावर ठेवलेले फायबरचे बीम : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

आजपासून नोंदी सुरू. सरांनी बजावलंय की रोजचं रोज लिही, एप्रिलमध्ये आठवून लिहायला बसलीस तर निम्मं सुटलेलं असेल.

विषय पक्का झाला. स्टील फायबर घातलेला काँक्रीटचा बीम मातीवर लांबीभर टेकवून ठेवायचा, वरून मधोमध लोड द्यायचा आणि तो कसा वागतो ते बघायचं. हा विषय माझ्या डोक्यात आला तो मामेभावामुळे, तो चाकणला गोडाऊनच्या फ्लोअरची कामं घेतो आणि दिवाळीत घरी आला तेव्हा विचारत होता की हल्ली जाळीऐवजी फायबर टाका म्हणतात, पण तुमच्या लॅबमध्ये फायबरचा बीम आणि साधा बीम जवळपास सारख्याच लोडला तडकतो, मग ते फायबर नक्की करतं काय? मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही आणि ते दोन महिने टोचत राहिलं.

बीमचा साइज : १५० मिमी रुंद, १०० मिमी जाड, १२०० मिमी लांब. काँक्रीट एम२५, म्हणजे दाबातली ताकद २५ न्यूटन प्रति चौ. मिमी. तीन प्रकार : साधा, अर्धा टक्का फायबरचा आणि एक टक्का फायबरचा. टक्केवारी आकारमानाची आहे, वजनाची नाही, हे पार्टनरला दोनदा सांगावं लागलं. स्टील घनमीटरला ७८५० किलो, म्हणजे एक टक्का म्हणजे घनमीटर काँक्रीटला साडेअठ्ठ्याहत्तर किलो आणि अर्धा टक्का म्हणजे ३९ किलो. आमच्या एका बीमला अर्ध्या टक्क्यात साधारण ७०० ग्रॅम लागेल.

६ जानेवारी

गणित मांडलं. विंकलर नावाच्या इंजिनिअरनं १८६७ साली मांडलेली कल्पना अजून वापरात आहे : माती म्हणजे शेजारीशेजारी उभ्या केलेल्या सुट्या स्प्रिंगा, जिथे जेवढा दाब तिथे तेवढीच ती खाली जाणार, शेजारच्या स्प्रिंगला त्याचा पत्ता नाही. स्प्रिंगचा कडकपणा म्हणजे के. मग बीम किती ताठ आणि माती किती ताठ याचा हिशोब एकाच आकड्यात येतो, त्याला लॅम्डा म्हणतात. के गुणिले रुंदी, भागिले चार ई आय, आणि त्याचं चौथं मूळ (ई म्हणजे काँक्रीटचा कडकपणा, आय म्हणजे बीमच्या रुंदी-जाडीवरून येणारा ताठपणाचा आकडा). एम२५ चा ई कोडप्रमाणे २५,००० न्यूटन प्रति चौ. मिमी आणि के सध्या अंदाजानं ०.०५ न्यूटन प्रति घन मिमी धरला तर लॅम्डा येतो ०.००१५६५ प्रति मिमी.

मी अनंत लांबीच्या बीमचं सोपं सूत्र लावलं, मधला मोमेंट (बीमला वाकवणारा जोर) म्हणजे लोड भागिले चार लॅम्डा, आणि आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे एम२५ ची वाकतानाची ताणातली ताकद ३.५ धरून पहिला तडा साडेपाच किलोन्यूटनला जाईल असं काढून सरांना दाखवलं. सरांनी कागद बघितला आणि एवढंच विचारलं, "लॅम्डा एल किती येतो तुझा?" म्हणजे लॅम्डा गुणिले लांबी, तो येतो १.८८. पाव π (π म्हणजे ३.१४) पेक्षा कमी असेल तर बीम दगडासारखा ताठ समजायचा, π पेक्षा जास्त असेल तर लांब, आमचा मधला आहे म्हणजे टोकं मोजावीच लागणार. टोकंही धरणारं हेतेन्यी या इंजिनिअरचं पूर्ण सूत्र लावल्यावर मोमेंट बारा टक्क्यांनी कमी आला आणि मधला खचाव बावीस टक्क्यांनी जास्त. नवा अंदाज : तडा ६.२ किलोन्यूटनला, तेव्हा मध्ये खचाव ०.७९ मिमी. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लाल पेननं लिहून ठेवलेत.

एक गोष्ट आवडली. के चौथ्या मुळात आहे म्हणून मातीचा अंदाज दुप्पट चुकला तरी मोमेंट सोळाच टक्के बदलतो. खचावाचं मात्र तसं नाही, तो चाळीस टक्के बदलतो. म्हणजे बीम कधी तडकेल ते सांगणं त्यातल्या त्यात सोपं, किती खचेल ते सांगणं अवघड.

१२ जानेवारी

रविवार. जुन्या बाजारात गेलो, मी आणि पार्टनर. १५० मिमी चौकोनी जाड प्लेट पाहिजे होती, मातीचा के मोजायला. आयएस ९२१४ मध्ये ७५ सेंमीची गोल प्लेट सांगितलीय पण ती रस्त्यासाठी, आमची टाकीच (जिच्यात माती भरून वर बीम ठेवायचा ती) ९० सेंमी रुंद आहे. आणि के हा काही मातीचा जन्मजात गुण नाही, प्लेट बदलली की तो बदलतो, लहान प्लेटला जास्त येतो. म्हणून बीमच्याच रुंदीची प्लेट घ्यायची असं ठरवलं. २५ मिमी जाडीची मिळाली, एक कोपरा गंजलेला होता पण खालची बाजू सपाट. सोबत एक १२ मिमीची लांब पट्टीही उचलली, कशाला ते माहीत नाही, स्वस्त होती म्हणून.

टाकी भोसरीतून वेल्डिंग करून आली. १.८ मीटर लांब, ०.९ रुंद.

१८ जानेवारी

कास्टिंगचा दिवस. सकाळी पहिला घाणा साधा, तो व्यवस्थित झाला, स्लम्प (साचा काढल्यावर ओलं काँक्रीट किती खाली बसतं ते) ९५ मिमी. दुसरा अर्धा टक्क्याचा आणि तो बिघडला.

फायबर ३५ मिमी लांब, ०.५५ मिमी जाड, दोन्ही टोकांना वाकडे हूक. मी पिशवी फोडून सरळ फिरत्या मिक्सरमध्ये ओतली. दोन मिनिटांनी बघते तर आत नारळाएवढे दोन गोळे. हातमोजा घालून एक बाहेर काढला, पक्ष्याच्या घरट्यासारखा एकमेकांत अडकलेला तारांचा गुंता, वरून सिमेंटचा लेप आणि आत तारा कोरड्या ठणठणीत. तो दाबला तरी सुटेना. सगळा घाणा टाकून द्यावा लागला, सिमेंट गेलं, खडी गेली, आणि माझ्या घाईमुळे गेलं म्हणून फार वाईट वाटलं.

लॅबमधले मामा म्हणाले, "अगं, पोह्यावर खोबरं भुरभुरवतात तसं टाकायचं, ओतायचं नाही." पुढचा घाणा तसाच केला, खडी आणि क्रश सँड आधी फिरवली, मग सिमेंट पाणी, आणि फायबर चाळणीतून मूठमूठ, पार्टनर मिक्सर फिरवत होता आणि मी वरून भुरभुरवत होते, पाच मिनिटं लागली पण एकही गोळा नाही. स्लम्प ९५ चा ६० वर आला. पाणी वाढवायचा मोह आवरला, काँक्रीट पातळ करणारं रसायन, सुपरप्लास्टिसायझर, थोडं वाढवलं. एक टक्क्याला तर ३५ च आला, पण टेबल व्हायब्रेटरवर ठेवलं की हललं, साच्यात बसलं. नीडल व्हायब्रेटर लावायचा नाही हे सरांनी आधीच सांगितलं होतं, नीडल जिथे बुडते तिथले फायबर बाजूला सरकतात आणि तिच्या मागे नुसतं काँक्रीट उरतं.

एकूण नऊ मोठे बीम आणि प्रत्येक घाण्याचे सहा लहान, १०० बाय १०० बाय ५००.

२३ जानेवारी

गुरुवार, पाणी बंद. काल संध्याकाळीच दोन पिंप भरून ठेवली होती म्हणून बीमवरची गोणपाटं ओली राहिली.

१५ फेब्रुवारी

२८ दिवस झाले. आयएस ५१६ प्रमाणे लहान बीम दोन रोलरवर, ४०० मिमीचा गाळा, वरून दोन ठिकाणी लोड.

साधा : ९.६ किलोन्यूटनला फाटकन दोन तुकडे.
अर्धा टक्का : १०.१.
एक टक्का : १०.९.

हे तीन-तीनचे सरासरी आकडे. म्हणजे मामेभाऊ बोलला ते शब्दशः खरं निघालं. फायबरचे बीम तुटून पडले नाहीत हे खरं, पण तडा गेला त्या क्षणी लोडची सुई खाली पडली आणि बीम दोन-तीन मिमी उघडून तिरका बसला. मध्ये काय झालं ते दिसलंच नाही. आमचं मशीन हातपंपाचं आहे, लोड वाढवत नेणारं. लोड चढत असताना त्याची फ्रेमही स्प्रिंगसारखी ताणलेली असते आणि बीमला तडा गेला की फ्रेममध्ये साठलेला सगळा जोर त्या तड्यात रिकामा होतो, डोळ्याचं पातं लवायच्या आत. युरोपियन पद्धतीत तडा ०.५, १.५, २.५ आणि ३.५ मिमी उघडला असताना बीम किती ओढ धरतो ते मोजतात, पण त्याला तडा हळूहळू उघडणारं, संगणकावर चालणारं मशीन लागतं. ते आमच्याकडे नाही.

संध्याकाळी फार निराश होऊन घरी आले.

२२ फेब्रुवारी

सरांनी मार्ग काढला. अमेरिकन पद्धत आहे, एएसटीएम सी१३९९. बीमच्या खाली स्टीलची पट्टी ठेवायची, दोन्ही मिळून लोड द्यायचा, तडा गेला की बीमनं सोडलेला भार पट्टी उचलते म्हणून तडा हळू उघडतो. ०.२ मिमी वाकलं की थांबायचं, पट्टी काढून घ्यायची आणि मग नुसता तडकलेला बीम पुन्हा लोड करायचा. ०.५, ०.७५, १.० आणि १.२५ मिमी वाकण्याला जे चार लोड येतात त्यांची सरासरी म्हणजे उरलेली ताकद. जुन्या बाजारातली ती १२ मिमीची पट्टी १०० मिमी रुंदीत कापून घेतली, बीम ३५० मिमीचे केले, गाळा ३००.

अर्धा टक्का : सरासरी ८ किलोन्यूटन, म्हणजे ताकद २.४ न्यूटन प्रति चौ. मिमी. एक टक्का : ४.०. साध्याला काहीच नाही, पट्टी काढली की तो हातातच दोन झाला.

आता फायबर काय करतं ते आकड्यात दिसलं. आणि पट्टी काढून ठेवताना माझ्या मनात आलं की हिनं बीमखाली जे केलं तेच जमीन स्लॅबखाली रात्रंदिवस करत असणार, भार सुटला की उचलून धरायचं. सरांना बोलले तर ते म्हणाले, "बरोबर, म्हणून तर टाकी भर लवकर."

३ मार्च

मुरूम खडी मशीन चौकाकडून आणला. चाळून मोठे दगड काढले. दहा-दहा सेंमीचे सहा थर, प्रत्येक थराला ३०८ किलो तोलून, १२ टक्के पाणी कालवून, आणि धुमसानं ठोकून आतल्या रेघेपर्यंत आणायचा. वजन ठरलेलं आणि जाडी ठरलेली म्हणजे घनता आपोआप ठरते. पावणेदोन टनाच्या वर माल घमेल्यानं टाकला, मी, पार्टनर, मामा आणि खालच्या वर्गातली तीन मुलं. हाताला फोड आलेत, पण थर लेव्हलमध्ये दोन मिमीच्या आत आहे.

काळी माती का घेतली नाही असं एकानं विचारलं. पुण्याच्या आसपास ती भरपूर आहे खरी, पण ती पाण्यानं फुगते आणि उन्हानं आकसते, तिला स्प्रिंग म्हणणं चुकीचं होईल, तो वेगळाच प्रकल्प.

८ मार्च

प्लेट टेस्ट, म्हणजे प्लेट मुरुमावर दाबून ती किती खचते ते बघायचं. १.२५ मिमी खचावाला १.९७ किलोन्यूटन. के आला ०.०७. पण प्लेट चौकोनी आणि बीम रुंदीच्या आठपट लांब, लांब पायाखाली दाब खोलवर जातो आणि माती जास्त दबते, त्यासाठी तेरझागीच्या सूत्रानं ०.७१ नं गुणायचं. ०.०५. जानेवारीत अंदाजानं धरला होता तोच आकडा बरोबर आला, वहीचं पहिलं पान उघडून परत बघितलं.

११ मार्च

साधा बीम, पहिला. बाजूला चुना मारून ठेवला होता म्हणजे तडा दिसेल. खचाव मोजायला पाच डायल गेज : मध्ये, दोन्ही टोकांना, एक पाव लांबीवर आणि एक बीमपासून दहा सेंमी बाहेर मुरुमावर.

४ किलोन्यूटनला मध्ये ०.५६ मिमी (गणित ०.५१), टोकाला ०.३१ (गणित ०.३५). बाहेरच्या गेजला ०.०८. विंकलरच्या हिशोबानं ते शून्य पाहिजे, त्याच्या स्प्रिंगा सुट्या आहेत ना, खरी माती शेजारच्याला ओढून खाली नेते. यावर पास्टरनाकनं १९५४ मध्ये स्प्रिंगांच्या वर एक कातर (शेजारच्या भागाला सरकवणारा जोर) सोसणारा थर घालून उपाय केला होता. आम्ही तिकडे जायचं नाही असं ठरवलं, ०.०८ साठी सगळं गणित दुप्पट अवघड होईल आणि आमच्या प्रश्नाला त्यानं फरक पडणार नाही.

६.५ ला तडा. अंदाज ६.२ होता. खालून वरपर्यंत एका दमात गेला, लोड दाखवणारी प्रूव्हिंग रिंग दोनच्या खाली आली आणि दोन अर्धुकं मध्ये खाली खुपसली गेली, टोकं वर. पंप मारत राहिलो तरी रिंग चढेना, नुसता खड्डा खोल होत गेला. उचलताना दोन तुकडे वेगवेगळे उचलले.

१७ मार्च

होळी-धुळवडीच्या सुट्टीत टाकीवरचा प्लास्टिकचा कागद उडाला की कोणी काढला कळलं नाही, चार दिवस उघडी राहिली. वरचा थर कडक झालाय, चाव्या घासल्या तरी ओरखडा उठत नाही. प्लेट लावली तर के ०.११. वरचे दोन थर खोदून, पाणी कालवून परत ठोकले. पूर्ण दिवस गेला. नंतर प्लेटला ०.०७ परत आला आणि मगच घरी गेलो.

२४ मार्च

अर्धा टक्का, पहिला बीम. हा दिवस सविस्तर लिहून ठेवते.

६ पर्यंत साध्या बीमसारखाच. ६.८ ला मधला गेज टुणकन दहा-बारा घरं पुढे गेला, आवाज काहीच नाही. टॉर्च धरून बघितलं तर चुन्यावर केसासारखी रेघ, खालून साधारण दोन तृतीयांश उंचीपर्यंत. रिंगची सुई किंचित मागे आली आणि पुढच्याच पंपाला परत चढली. ७, ७.५, ८. पार्टनर रीडिंग ओरडत होता आणि मला वाटत होतं की आता पडेल, आता पडेल, पण लोड चढतच होता. ९ किलोन्यूटनला फीलर गेजनं तडा मोजला, दीड मिमी. कान जवळ नेला तर आतून बारीक टिक टिक ऐकू येत होती, फायबर आपले हूक सरळ करत काँक्रीटमधून सरकत होते. तड्यात डोकावलं तर तारा आडव्या ताणलेल्या दिसत होत्या, चकचकीत, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेलेल्या.

मामांनी एक्स-रेच्या जुन्या फिल्मची पट्टी कापून आणली आणि टोकाकडून बीमच्या खाली सरकवली. १९ सेंमी आत गेली. म्हणजे तेवढी लांबी जमिनीवरून उचललेली होती, मुरूम खाली आणि बीम वर. मातीची स्प्रिंग ढकलते पण ओढत नाही हे आम्ही पुस्तकात वाचलेलं, आज पट्टी हातात धरून कळलं.

११.४ ला तडा तीन मिमीच्या थोडा वर, पट्टी २७ सेंमी आत. तिथे थांबवलं. मधला खचाव ५.६.

म्हणजे रोलरवर जो फरक १०.१ विरुद्ध ९.६ एवढाच दिसला होता, तो मातीवर ११.४ विरुद्ध ६.५ झाला. तोच घाणा, तेच फायबर, तोच हातपंप. रोलरवर बीमला तडा गेला की भार घ्यायला दुसरं कोणी नसतं. मातीवर भार घेणारी माती आहे, फायबरनं फक्त दोन अर्धुकं एकमेकांना घट्ट धरून ठेवायची, की माती जास्त लांबीवर कामाला लागते.

२५ मार्च

रात्री दोनपर्यंत बसले आणि तड्यानंतरचं गणित जमलं, फार साधं निघालं. प्रत्येक अर्धुकं ताठ पट्टी समजायची, मधल्या टोकाला निम्मा लोड, आणि तड्यात फायबर धरून ठेवतात तो मोमेंट. खालचा दाब त्रिकोणी, तड्याखाली सगळ्यात जास्त, आणि जिथपर्यंत बीम टेकलाय तिथे शून्य. त्या टेकलेल्या लांबीच्या एक तृतीयांशावर मातीची प्रतिक्रिया येते, म्हणून निम्मा लोड गुणिले ती एक तृतीयांश लांबी म्हणजे फायबरचा मोमेंट. २२ फेब्रुवारीच्या स्टीलच्या पट्टीच्या टेस्टमधून उरलेली ताकद २.४ आहे, आमच्या साइजला ०.६ किलोन्यूटन मीटर.

तडा दीड मिमी : टेकलेली लांबी ३८७ मिमी, उचललेली २१ सेंमी, लोड ९.३.
तडा ३.२ मिमी : टेकलेली ३००, उचललेली ३०, लोड १२.

आणि काल मोजलेलं १९ सेंमी आणि ९, मग २७ सेंमी आणि ११.४! उचललेली लांबी दोन्ही वेळी थोडी कमी भरली कारण अर्ध्या बीमचं स्वतःचं २१ किलो वजन मी धरलेलं नाही, ते टोकाला खाली दाबतं. सकाळी सहाला सरांना मेसेज टाकला, त्यांचा लगेच फोन आला.

यात साध्या बीमचंही उत्तर आहे. फायबरचा मोमेंट शून्य धरला की टेकलेली लांबी शून्य येते, म्हणजे अर्धुकं उभंच राहू शकत नाही. ११ तारखेला तेच झालं होतं.

२ एप्रिल

अर्ध्या टक्क्याचे उरलेले दोन झाले. ३.२ मिमी तड्याला १०.७ आणि ११.९. फरक आहे पण फायबरच्या कामात एवढा येतोच, तड्याच्या जागी नेमके किती फायबर पडलेत यावर सगळं ठरतं.

९ एप्रिल

एक टक्का. गणितानं आधी अंदाज काढून ठेवला होता. त्या समीकरणातून लोड हा मोमेंटच्या दोन तृतीयांश घातात वाढतो, म्हणून उरलेली ताकद २.४ वरून ४.० म्हणजे १.६७ पट झाली तरी लोड १.४१ पटच वाढणार. दीड मिमी तड्याला १३.१ यायला पाहिजे.

आला १२.६. पण हा बीम वेगळा वागला, एकाऐवजी तीन बारीक तडे, मधला रुंद आणि बाजूचे दोन केसासारखे. १५.५ च्या पुढे मात्र बीम काही बोलेना, मुरूम बोलायला लागला. बीमच्या दोन्ही बाजूंना मातीला लांब भेगा पडल्या आणि कडेनं ती वर उचलली गेली, बोट ठेवलं तर फुगवटा जाणवत होता. तिथून पुढे स्प्रिंगचं गणित संपतं, ती मातीची धारणक्षमता झाली. उरलेले दोन बीमही तिथेच अडले.

माझं मत झालंय की असल्या मातीवर अर्धा टक्का पुरेसा आहे. फायबर दुप्पट, मिक्सिंगची कटकट तिप्पट, आणि लोड चाळीस टक्के वाढतो न वाढतो तोच माती आधी हात टेकते. तेच पैसे खालचा थर नीट ठोकण्यात गेलेले बरे. सर म्हणाले रिपोर्टमध्ये लिही, पण "या मुरुमावर, या जाडीला" असं स्पष्ट लिही.

मामेभावाला फोन करून सांगितलं. त्याला हेही सांगितलं की बीमचा आकडा उचलून फ्लोअरला लावू नकोस, स्लॅब चारी बाजूंना पसरलेला असतो, चाकाखाली तळाला तडा जातो आणि लांबवर गोलाकार वरच्या बाजूला जातो, मेयरहॉफनं १९६२ मध्ये स्लॅबचं गणित केलं त्यात वरचा आणि खालचा दोन्ही मोमेंट धरलेत. आमचा बीम आखूड, त्यात वर ताण आलाच नाही. आणि फायबर टाकलं म्हणून जॉइंट कापायला उशीर केलेला चालत नाही, सुकण्यानं येणारा तडा कापलेल्या रेघेत आला तर बरा. तो म्हणाला, "ताई, म्हणजे फायबरनं तडा थांबत नाही?" नाही रे, तडा जातोच, गेल्यावर दोन्ही बाजू धरून ठेवतं.

१२ एप्रिल

टाकी रिकामी करायला घेतली. अर्ध्या टक्क्याचा पहिला बीम, २४ मार्चचा, तीन मिमी उघडलेला. मी एका टोकाला आणि पार्टनर दुसऱ्या टोकाला, ४३ किलो, उचलून दारापर्यंत नेला. मध्ये थोडा लवला, सुटला नाही.

फायबर मोजायला तो तोडावा लागणार होता. मामांनी दोन विटांवर ठेवून घणाचे अकरा घाव घातले तेव्हा दोन झाला. तुटलेल्या तोंडावर मी प्रत्येक तारेला लाल मार्करचा ठिपका लावत गेले म्हणजे दोनदा मोजली जाणार नाही. सगळ्या दिशांना सारखे पसरलेले धरले तर या तोंडावर १५८ यायला पाहिजेत. निघाले १७१. वरच्या निम्म्यात ६८, खालच्या निम्म्यात १०३, टेबल व्हायब्रेटरवर ठेवलं तेव्हा जड असल्यामुळे थोडे खाली बसलेत. आमच्या बीमला ताण खालीच होता म्हणून ते फायद्याचं झालं, रिपोर्टमध्ये हे कबूल करून लिहायचं. जवळजवळ सगळ्या तारांचे हूक सरळ झालेले, तुटलेल्या फक्त चार.

मुरूम पोत्यात भरून ठेवलाय, पुढच्या बॅचला वापरता येईल. प्लेट आणि पट्टी मामांच्या कपाटात.